सहा घरांत एकच डबा

शिरूर तालुक्यात कुणाच्याही घरी पाहुणा येवो, यजमान आमच्या विहीणबाईच असतात. हे मी उगाच कौतुकाने म्हणत नाही, भोगलेलं सांगतो. त्यांच्या मुलाला आम्ही आमची मुलगी दिली, तेव्हापासून मी निमोण्याला जातो आहे, आणि गेल्यावर विहीणबाई स्वतःच्या घरात सापडल्या असं फारच क्वचित घडलंय. दौंडहून शिरूरची एसटी धरावी, फाट्यावर उतरावं, उन्हातून चालत वस्ती गाठावी, तर मुलगी सांगणार, "पप्पा, बसा जरा. आई सुमनकाकूंकडे गेल्यात. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आलेत." म्हणजे पाहुणे सुमनबाईंचे, आणि माझ्यासारखा हक्काचा व्याही ओट्यावर माश्या मारत बसलेला. थोड्या वेळाने विहीणबाई पदर सावरत येतात, "कवा आला पाव्हणं?" विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत घरातला कपबश्यांचा ट्रे उचलून पुन्हा चालू लागतात.

स्वतःच्या बाबतीत या बाईंना कसलीच हौस नाही. शेवंतीच्या वाफ्यात काम करताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. चहा पितात तो पातेल्यावरच्या झाकणात ओतून, उभ्या उभ्या. पायातल्या दोन चपला एकमेकींच्या नात्यातल्याही नसतात. पण शेजारणीकडे पाहुणा येतोय हे कानावर पडलं, की त्यांच्या अंगात येतं. सतरंजी, मिक्सर, पाण्याचं पिंप, भिंतीवरचं घड्याळ, सगळं हलायला लागतं. एकदा तर त्यांनी आमच्या व्याह्यांनाच उसनं दिलं. वस्तीवरच्या एका मुलीच्या लग्नाची बोलणी होती, मुलीचा बाप कारेगावला कंपनीत, त्याची शिफ्ट सुटेना, आणि घरात वडीलधारं माणूस दिसायला नको का? म्हणून व्याह्यांना धुतलेली टोपी घालून मुलीचा चुलता म्हणून तिथे नेऊन बसवलं. नुसतं बसायचं ठरलं होतं. पण आमचे व्याही पडले भावकी-सोसायटीच्या राजकारणात मुरलेले. बोलणी सुरू झाल्यावर त्यांना राहवलं नाही, आणि मानपानावरून त्यांनी असा वाद घातला की सोयरीक मोडता मोडता राहिली. विहीणबाईंना त्याचं काही नाही. "नुसतं बसायचं तर व्हतं," त्या मला म्हणाल्या, "हितं बसला काय आन् तिथं बसला काय!"

अशा बाईंच्या हाती पुण्याच्या एका कंपनीने घराघरांत डोकावायचं काम द्यावं, याला योगायोग म्हणावं की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या मुलीची एक मैत्रीण पुण्यात नोकरी करते. तिच्या मॅडमचं काम म्हणजे लोक एखादी वस्तू का घेतात, कशी वापरतात, वापरताना काय बोलतात, हे शोधून काढणं. त्या वेळी त्यांचा विषय होता चहा. गावातल्या पाच-सहा घरांत चहा कसा होतो ते त्यांना पाहायचं होतं, आणि तेही पुण्यात बसून. बायकांनी आपापल्या फोनवर चहा करतानाचा व्हिडिओ काढायचा, संध्याकाळी दोन शब्द फोनमध्ये बोलून पाठवायचे, झालं. घरं जमवायला कुणीतरी गावातलं हवं होतं, म्हणून मुलीने सासूचं नाव सुचवलं.

मला या प्रकरणाचं भारी कुतूहल वाटलं. जन्मभर रेल्वेत नोकरी केल्यामुळे माणसं मोजायची मला सवय, पण माणूस चहा पिताना काय विचार करतो हे कुणाला कशाला हवं असेल? मुलीने समजावलं, "पप्पा, त्यांना आकडे नकोतच. माणसं खरोखर कशी राहतात ते बघायचंय. जसं आहे तसं." हे शेवटचं वाक्य ऐकून विहीणबाई निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "जसं हाय तसं? चारचौघांत कुणी जसं हाय तसं जातं व्हय?"

मॅडमचे प्रश्नही ऐकण्यासारखे असायचे. चहा करताना तुमच्या मनात काय येतं, असं त्यांनी वस्तीवरच्या शेवंताबाईंना विचारलं. शेवंताबाई म्हणाल्या, "दूध उतू जाईल का, ह्येच येतं." मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "आणखी?" "आणखी म्हंजी, गेलंच उतू तर शेगडी कोण पुसणार." दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्याहून खोल होता. हा चहा जर माणूस असता तर कसा असता? सुमनबाईंनी फोन तोंडाशी धरून बिनधास्त सांगितलं, "आमच्या थोरल्या दिरावानी. वास मोठा, आत निस्तं पाणी." विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. घरचा दीर कंपनीत पोचवल्याबद्दल त्यांनी सुमनबाईंना फैलावर घेतलं आणि नमुन्यादाखल स्वतः उत्तर दिलं, "चहा जर माणूस आसता तर आमी त्याला उकळला नसता." त्या दिवशी मॅडमनी पुढचा प्रश्न पाठवलाच नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण व्हिडिओत नुसता चहा दिसत नाही, मागची मांडणी दिसते, भिंत दिसते, कप दिसतो. आणि सुमनबाईंनी सुरुवातीलाच घाबरून विचारलं होतं, "आक्का, पुण्याची मान्सं आमचा सैपाकाचा कोपरा बघून हसायची न्हाईत नव्हं?" विहीणबाईंनी तिथल्या तिथे सगळ्यांना शब्द दिला होता, "तुमच्या घराला कुनी नाव ठिवनार न्हाई, ती जबाबदारी माझी." त्यांच्या लेखी पुण्याची मॅडम ही फोनमधून आलेली पाहुणीच. मग ज्या घरी व्हिडिओ, त्या घरी आधी विहीणबाई हजर. बरोबर कपबश्या, ट्रे, मिक्सर, आणि निळ्या फुलांचा एक मोठा डबा. हा डबा आणि कप आमच्या हिने मुलीच्या रुखवतात मांडले होते. मुलीने आम्हाला हौसेने व्हिडिओ दाखवले तेव्हा पहिल्या घरात डबा पाहून हिला आनंद झाला, दुसऱ्या घरात पाहून कोडं पडलं, आणि तिसऱ्या घरात दिसल्यावर ती म्हणाली, "लग्नात मांडला होता तेवढी उसंतही त्या डब्याला मिळालेली दिसत नाही!"

मॅडमच्या नजरेतूनही तो सुटला नाही. त्यांनी फोन करून विचारलं, "ताई, हा निळा डबा सगळ्यांकडे कसा?" आता इथे खरं सांगून टाकायचं, तर विहीणबाई बोलून गेल्या, "पद्धत हाय आमच्यात." झालं! मॅडम हरखून गेल्या. निळ्या डब्याची पद्धत त्यांनी आजवर कुठे ऐकली नव्हती. त्यांनी ठरवलं, की एकाच वेळी सहाही स्वयंपाकघरं व्हिडिओ कॉलवर घ्यायची आणि सगळ्यांशी गप्पा मारायच्या.

त्या दिवशी मी नेमका निमोण्यात होतो. विहीणबाईंची ती धावपळ मी मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती. डबा एक, घरं सहा, आणि वेळ सगळ्यांची एकच. मुलगी म्हणाली, "आई, खरं सांगून टाकू ना." विहीणबाई म्हणाल्या, "आन् मी दिलेल्या शब्दाचं काय?" मग त्यांनी वाटणी केली. डबा शेवंताबाईंकडे, ट्रे सुमनबाईंकडे, मिक्सर तिसरीकडे, कप पुढच्या घरांत विभागून, उरलंसुरलं पितळेचं पातेलं आणि बरण्यासुद्धा गेल्या. मला चहा मिळाला तो स्टीलच्या गडव्यात. शेवटी त्या धापा टाकत ओट्यावर आल्या आणि आपला फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाव्हणं, मला जरा दम खाऊ द्या. तुमी धरा."

पडद्यावर सहा चौकोनांत सहा घरं उभी राहिली. एका घरात डबा, एका घरात ट्रे, प्रत्येकीच्या मागे एक वस्तू आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. मॅडमनी विचारलंच, "आज डबा शेवंताबाईंकडेच दिसतोय?" विहीणबाई म्हणाल्या, "बाकीच्यांनी घासायला काढल्यात." मी मनातल्या मनात दाद दिली. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळ्यांची घरं दाखवलीत, तुमचं स्वयंपाकघर मात्र आम्ही कधी पाहिलंच नाही. दाखवता का?" विहीणबाई मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होत्या. मला वाटलं, लवकर दाखवा म्हणताहेत. मी उठलो, आत गेलो आणि फोन मांडणीकडे वळवला.

मांडणी ओकीबोकी. फळ्यांवर भांड्यांच्या बुडांचे गोल डाग, एक काळं पडलेलं पातेलं आणि रबर लावून ठेवलेली चहापुडीची पिशवी. मॅडमनी ते सगळं नीट पाहून घेतलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "ताई, घरात काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा."

विहीणबाईंचा चेहरा मला बघवेना. बागाईत जमीन, दारात ट्रॅक्टर, आणि ज्या घरातून साऱ्या वस्तीची अब्रू झाकली जाते त्या घराची कुणी परकी बाई कीव करत होती. आणि त्या तोंडातून ब्र काढत नव्हत्या, कारण काढला असता तर दुसऱ्या कुणाचं तरी उघडं पडलं असतं. तेवढ्यात सुमनबाईंच्या चौकोनातून खणखणीत आवाज आला, "ओ मॅडम, त्यांची कसली आडचन? ह्यो ट्रे त्यांचा हाय. माझ्या घरात ट्रे न्हाई, कवाच नव्हता." त्यांनी ट्रे बाजूला केला आणि मागची रिकामी भिंत दाखवली. शेवंताबाई म्हणाल्या, "डबा बी आक्कांचाच. माझी पूड ह्या पत्र्याच्या डबड्यात आसती, ह्ये बघा." मग एकेक जण आपापल्या हातातली वस्तू वर धरू लागली. "ह्यो कप त्यांचा." "मिक्सर बी." विहीणबाई माझ्या पाठीमागून ओरडत होत्या, "गप बसा गं! पाव्हणं, बंद करा त्यो फोन!" मला काही बंद करायचं बटण सापडेना. गडबडीत मी आवाज तेवढा वाढवला.

मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांनी संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं, की आता सगळ्यांनी स्वतःच्या भांड्यांत चहा करून पाठवा, आणि कोण कुणाकडून काय नेतं हेही मला सांगा, हे विचारायचं मला सुचलंच नसतं. पण विहीणबाईंना त्याचं काय! त्या भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसल्या होत्या. बायका वस्तू परत घेऊन आल्या, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"मी शब्द दिला व्हता तुमास्नी," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "तुमीच आपली लाज चव्हाट्यावर मांडली."

"आन् तुमची चालली व्हती, त्याचं काय?" सुमनबाई ट्रे खाली ठेवत म्हणाल्या. बोलण्याच्या भरात त्यांना माझं भान राहिलं नाही. "पाव्हणं तुमचं घर बघाया आलं तवा तुमी सारा पैका नव्या हिरीत घातला व्हता. बसाया धड खुर्ची नव्हती. तवा माझा सोफा आमीच उचलून हितं आनला का न्हाई? तवा समद्या गप बसलो. आज बी गपच बसायचं व्हय?"

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पाव्हणं समोरच बसलेत. त्यांनी जीभ चावली. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. विहीणबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला आणि त्यांची मान खाली गेली. पुण्याच्या मॅडमपुढे जे झालं ते यापुढे काहीच नव्हतं. मुलीच्या बापापुढे हे उघडं पडणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मला तो सोफा लख्ख आठवत होता. मरून रंगाचा, वरचं प्लास्टिकही न काढलेला. परत जाताना एसटीत आमची ही दौंड येईपर्यंत त्याच सोफ्याचं कौतुक करत होती, आणि लग्नानंतर तो कुठे दिसला नाही तेव्हा विकला असेल म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला होता.

"सोफा?" मी म्हणालो. "कसला सोफा? मी तर त्या दिवशी तुमच्या ओट्यावर बाजेवर बसलो होतो. छान वारा येत होता."

विहीणबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला कुठे बसवलं होतं हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "व्हय. वारं व्हतं खरं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

माझी मुलगी या बाईंच्या घरात पडली याचं मला त्या घडीला इतकं बरं वाटलं, की उठून आत जावं आणि तसं सांगून टाकावं असं वाटलं. पण व्याह्याने विहिणीला असलं काही सांगायची आमच्यात रीत नाही. मी ओट्यावरच बसून राहिलो.