अमावास्येचे डॉक्टर

माझ्या थोरल्या साडूंइतका ठाम माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही. चुकले तरी ते ठामपणेच चुकत. पेशाने डॉक्टर, पण कोणी सर्दी-पडसे घेऊन आले की त्यांचा चेहरा पडे, आणि फेफऱ्याचा रोगी आला की जावई आल्यासारखे पाट मांडत. त्यातही ज्याला ब्रोमाइडचे औषध लागू पडत नाही, तो त्यांचा विशेष लाडका. मेंदू म्हणजे तारऑफिस आणि फेफरे म्हणजे सगळ्या गावांनी एकदम तारा ठोकणे, हा त्यांचा सिद्धान्त. खात्री करायला ते स्टेशनवरच्या तारमास्तरांकडेच गेले. "सगळीकडून एकदम तारा आल्या तर काय कराल?" "घरी जाईन की!" मास्तर म्हणाले. साडू खूश. "बघा, रोगीसुद्धा तेच करतो, बेशुद्ध पडतो!"

मेंदूतल्या या तारा पकडायला त्यांनी एक यंत्र जुळवले होते. रोग्याच्या डोक्याला मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्या बांधायच्या, पट्ट्यांना तारा जोडायच्या, आणि काटा हलतो का बघायचे. काटा पहिल्याच दिवशी हलला. साडू घरभर नाचले. मग एकदा डोके न जोडताच तो हलला, तेव्हा भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा हातमाग चालू असल्याचे ध्यानात आले. माग बंद असे तो अमावास्येला. झाले! "फेफऱ्याचा आणि अवसेचा काडीचा संबंध नाही," म्हणून रोग्यांवर ओरडणारा माणूस दर अमावास्येला दार लावून लोकांच्या डोक्यांना तारा बांधू लागला. गल्लीने काय समजायचे ते समजून घेतले. शेजारचा विणकर तर ओंजळभर लिंबे घेऊन आला. "डाक्टर, कोंबडं लागलं तर सांगा की. अवसंला तुमच्या हाताला लई गुण येतोय म्हनत्यात." साडू भडकले, आणि लिंबांचे सरबत करून प्यायले.

डोके बहुधा अक्कांचे असे. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांच्या आजारापुढे सगळी औषधे हरली होती. झटका कधी चुलीपाशी येई, कधी आडाच्या काठावर. "एकदा झटक्यात काटा कसा हलतो ते दिसू दे, औषध शोधतोच," असे साडू म्हणत, आणि अक्का पट्ट्या बांधून निमूट शेंगा सोलत बसत. झटका मात्र नेमकी अमावास्या टाळून येई.

एका अमावास्येला तो आला. मी तिथेच होतो. साडूंनी धावत जाऊन अक्कांना कुशीवर घेतले, स्वतःच्या हाताने तारा उपटून फेकल्या आणि "मी हाय हितं, मी हाय की गं," म्हणत राहिले. त्यांच्या तोंडून गावाकडची बोली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बऱ्याच वेळाने अक्कांनी डोळे उघडले. "दिसलं का हो?"

"दिसलं," साडू लगेच म्हणाले. "आता औषध सापडणार."

अक्का हसल्या आणि झोपल्या. काट्याकडे आम्ही दोघांनीही पाहिले नव्हते. औषध साडूंना शेवटपर्यंत सापडले नाही. पण अक्का उरलेली सगळी वर्षे ते सापडणारच, या भरवशावर जगल्या.