महाग पेट्रोलचा पाडवा

तिकडे आखातात युद्ध पेटलं आणि इकडे डोंबिवलीत कोथिंबीर महागली. शेअर रिक्षाचं भाडं वाढलं, पोळीभाजी केंद्रातल्या पोळ्या पातळ झाल्या, नवऱ्याने बाइकवर कव्हर घातलं. सगळे हवालदिल, आणि मी मात्र मनातल्या मनात उड्या मारत होते! कारण गुढीपाडव्याची शोभायात्रा.

आमच्याकडे यात्रेत बायका नऊवारी नेसून, फेटे बांधून बाइक चालवतात. मला बाइक येत नाही. शिकताना थेट कांद्याबटाट्याच्या हातगाडीवर गेले, तेव्हापासून नाद सोडला. म्हणून दर पाडव्याला नथबिथ घालून मी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला. यंदा मात्र बाइकपथकाच्या ताईंनी जाहीर केलं, "एवढं महाग पेट्रोल मिरवायला जाळायचं नाही. सायकली काढा!" सायकल तर मला शाळेपासून येते.

पाडवा तोंडावर आला आणि भाव उतरणार अशी बातमी पसरली. "मग बाइकच काढू या ना," ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. मी देवापुढे हात जोडले, "पाडव्यापर्यंत महागच राहू दे रे बाप्पा."

सासूबाईंनी ऐकलं. "अगं, सारं गाव स्वस्ताई मागतंय आणि तू काय मागतेस!" असं म्हणाल्या खऱ्या, पण कपाटातून स्वतःची हिरवी नऊवारी काढून दिली.

भाव उतरले नाहीत. पाडव्याला ढोल कडाडले आणि लेकीची सायकल घेऊन मी रांगेत शिरले. काय सांगू! कडेचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि यंदा त्या माझ्यासाठी होत्या.

ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर सायकल कचकन अडकली. साडीचा काठ चेनमध्ये! बाइकवर हा प्रश्न येत नाही, त्यामुळे काठ वर खोचायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागे ढोलपथक येऊन ठेपलं. बाजूला झाले असते तर पुन्हा तीच कड, त्याच टाळ्या. डोळे मिटले आणि हिसका दिला. टर्रर्र!

यात्रा संपते त्या देवळापाशी सासूबाई उभ्याच होत्या. फाटका, चेनच्या वंगणाने काळा झालेला काठ त्यांनी हातात धरून पाहिला. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? पोचलीस ना? पुढच्या वर्षी काठ नीट खोच."

"आणि पुढच्या वर्षी पेट्रोल स्वस्त झालं तर?"

त्यांनी कळसाकडे पाहून हात जोडले. "बाप्पा, पाडव्यापुरतं तरी महाग ठेव रे."