चिक्कम्माची रागी

उषाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर लोणी कढवत होते. "आई, चिक्कम्मा गेली," एवढंच ती बोलली आणि पुढे नुसतं रडणं... पासष्टी ओलांडलेली बाई, स्वतः आजी झालेली, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडत होती. माझी जाऊ स्टेला गेली होती. साठ वर्षांहून जास्त काळ आम्ही एका आवारात काढला होता, तेव्हा मला आधी दुःख व्हायला हवं होतं. ते झालं, पण नंतर. मनात पहिला विचार आला तो असा, की मी जाईन तेव्हा ही एवढी रडेल का? लोणी करपलं, घरभर वास सुटला, तरी मी तोच विचार करत उभी होते. हे वाचून कुणाला माझा राग आला तर येवो. स्टेलाबद्दल खरं लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण मला तिचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटत आला.

आमचं घर बेंगळुरूच्या बसवनगुडीतलं. माझ्या सासरचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड. माझा धाकटा दीर सीनू दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, नोकरीला होता. एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात त्याने ऑफिसातल्या टायपिस्ट मुलीशी रजिस्टर लग्न केलं आणि संध्याकाळी तिला घेऊन दारात उभा राहिला. मंगळूरकडची ख्रिस्ती मुलगी, माहेरी कोंकणी बोलणारी, गळ्यात बारीकसा क्रूस. सासूबाई आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "मागच्या औटहाऊसात राहा. पण आमच्या देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही." सीनूचा चेहरा पडला. ती मात्र "सरी, अम्मा," म्हणजे बरं आई, असं म्हणाली आणि लांबूनच वाकून नमस्कार करून मोकळी झाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ती अंगणापलीकडे राहील आणि घर माझं राहील, असा माझा हिशेब होता.

मुलांनी तो आठ दिवसांत चुकवला. प्रकाश तेव्हा चार वर्षांचा, उषा दोनची. मी त्यांना 'काकू' म्हणायला शिकवलं, पण शेजारची कन्नड मुलं आपल्या काकीला चिक्कम्मा म्हणायची ते ऐकून यांनीही तेच उचललं. चिक्कम्मा, म्हणजे धाकटी आई. दिवसातून पन्नास वेळा ते कानावर पडायचं आणि पन्नास वेळा माझ्या पोटात दुखायचं. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, पण त्या वाइटाच्या तळाशी एक भीतीही असायची... की हिला नाही म्हणून ही माझी घेऊन बसेल.

आणि मग डिसेंबर यायचा. बेंगळुरूची ती कोवळी थंडी, पेरूच्या झाडाला टांगलेला तिचा कागदी तारा, आणि औटहाऊसच्या दोन खोल्यांत चाललेली धामधूम. कणकेच्या चिमुकल्या गोळ्या काट्याच्या पाठीवर वळून कलकल नावाचे गोड तळणीचे तुकडे करायचे, ते वळायला माझी दोन्ही मुलं आणि गल्लीतली आणखी चार. सासूबाईंच्या धाकाने ती अंडं न घालता सगळं करायची आणि ताट घेऊन आली की दारातूनच सांगायची, "अंडं नाही अक्का, देवाशप्पथ." कोनाड्यात येशूजन्माचा गोठा मांडायचा, त्यासाठी तपकिरी कागद चुरगाळून डोंगर, माझ्याच फुटक्या आरशाच्या तुकड्याचं तळं, आमच्याच दसऱ्याला मांडायच्या बाहुल्यांतली मातीची गाय. गाय मागायला उषा आली होती. "आई, तिथे बाळाला थंडी वाजते, गाय उबेला हवी," म्हणाली. तिच्या स्वतःच्या अंगात स्वेटर घालण्यासाठी मला तिच्यामागे अंगणभर धावावं लागत होतं, त्याच आठवड्यात!

पण सगळ्यांत जास्त सलायची ती रागी. मराठी मुलखात जिला नाचणी म्हणतात ती. नाताळला पंधरा दिवस उरले की स्टेला बिस्किटांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यांत लाल माती भरायची आणि मुलं त्यात रागी पेरायची. चार दिवसांत कोंब, दहा-बारा दिवसांत हिरवंगार कुरण, ते गोठ्यापुढे ठेवायचं. प्रत्येक मुलाचा डबा वेगळा. आता सांगा, आमच्या घरी दर नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर माती, त्यात सात धान्यं, नऊ दिवस पाणी, दसऱ्याला तेच कोंब कानामागे खोचायचे. ते सगळं मी करायची, पहाटे उठून, सोवळ्यात. माझ्या मुलांनी त्या घटाकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि अडीच महिन्यांनी तीच माती, तसेच कोंब चिक्कम्माच्या डब्यात आले की उषा डोळे चोळत, दात न घासता, तांब्या घेऊन अंगणापलीकडे पळायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "देवाला घाबरतात मुलं, तिला घाबरत नाहीत." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

बासष्ट सालचा नाताळ तीन दिवसांवर आला होता. उषाची मी वेणी घालत होते. एक वेणी झाली आणि दुसरीचे पेड घेतले तोच ती हातातून सुटली, कारण रागीला पाणी द्यायचं राहिलं होतं. दारात थांबून तिने विचारलं, "आई, नाताळ संपेपर्यंत मी चिक्कम्माकडे झोपू?" मी नाही म्हटलं. तिने खांदे उडवले आणि अर्ध्या वेणीने गेली. मी हातात रिबीन धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. स्टेला आणि सीनू सकाळच्या प्रार्थनेला गेले होते, मुलं अंथरुणात होती. न्हाणीघरात हंड्यात पाणी उकळत होतं. मी त्यातलं तांब्याभर घेतलं, अंगण ओलांडलं आणि औटहाऊसच्या खिडकीत ठेवलेल्या उषाच्या डब्यात ओतलं. प्रकाशच्या डब्याला हात लावला नाही, बाकीच्या मुलांच्याही नाही. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, मला फक्त माझी मुलगी परत हवी होती. कोंब मरतील, तिचं मन उडेल, ती घरी येईल, एवढं साधं गणित. माणूस जळतो तेव्हा किती बावळट होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी अंगण ओलांडून घरात परतण्याआधीच फाटक वाजलं. स्टेला आली, आणि तिची चाहूल लागून उषाही उठून धावत तिच्यापाशी गेली. दोघी हातात हात घालून खिडकीशी पोचल्या. कोंब आडवे पडले होते, शिजलेल्या पालेभाजीसारखे. उषाने जे भोकाड पसरलं ते मला आजही ऐकू येतं. स्टेलाने मातीत बोट घातलं. माती अजून गरम असणारच. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभी होते आणि माझ्या हातात रिकामा तांब्या होता... मी वाट पाहत होते. ती ओरडेल, सीनूला हाक मारेल, सासूबाई बाहेर येतील. तिने बोट पदराला पुसलं आणि उषाला म्हणाली, "माझंच चुकलं गं, पुट्टी. काल मी स्वल्प ज्यास्त पाणी घातलं."

"तू वाईट आहेस!" उषा किंचाळली, आणि थेट अंगण ओलांडून माझ्या कमरेला येऊन बिलगली. मला हवी होती ती मिठी मला मिळाली. पोरीला उचलून घेतलं, तिचं ओलं तोंड माझ्या मानेशी होतं, आणि तिच्या डोक्यावरून मला स्टेला दिसत होती. ती उन्हात उभी होती, चर्चला जायच्या चांगल्या साडीत, मातीचं बोट घेऊन. दोन दिवस उषा माझ्याजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी स्टेलाने त्या डब्यात वाळू भरली आणि हाक मारली, "पुट्टी, बाळाला बघायला येणाऱ्या राजांचे उंट वाळवंटातून येतात की! वाळवंट कुणाकडे आहे? फक्त तुझ्याकडे." गेली पोरगी. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

स्टेला त्या पाण्याबद्दल मला कधी एक अक्षर बोलली नाही. त्याचाही मला राग यायचा. ती भांडली असती तर मीही चार शब्द बोलले असते, फिट्टंफाट झाली असती. तिने मूग गिळले आणि सगळा मोठेपणा आपल्याकडे ठेवला. पुढे सासूबाई गेल्या. उंबऱ्याची अट त्यांच्याबरोबर संपली होती, 'आत ये' एवढंच मी म्हणायचं होतं. ते म्हणायला मी कितीतरी वर्षं घेतली. म्हटलं तेव्हा ती हसून म्हणाली, "आता गुडघे दुखतात अक्का, मी इथंच बरी," आणि बाहेर स्टूल घेऊन बसली. तोवर सीनूही गेला होता आणि माझे यजमानही. दोघी म्हाताऱ्या एका आवारात, आणि उषा सर्जापूर रोडच्या फ्लॅटमधून दर शनिवारी तास-दीड तास गर्दीतून यायची. आधी मागे जायची, मग पुढे. मी घड्याळ बघायची. मागे पाऊण तास, माझ्याकडे अर्धा.

तिचं सगळं आटोपल्यावर उषा आणि मी तिच्या खोलीत गेलो. खिडकीत तोच चपटा डबा होता. दवाखान्यात जायच्या चार दिवस आधी तिने त्यात रागी पेरली होती आणि घरात कुणी नसताना ती उगवून आली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तिच्या माहेरची रीत. शेवटपर्यंत पाळली."

उषाने नाक पुसलं. "माहेरची कुठली, आई? तिच्या माहेरी गोठ्यात नुसता पेंढा घालायचे. ही तुझी रीत. ती लग्न होऊन आली त्या नवरात्रात तू घट पेरत होतीस, मी तुझ्या मांडीवर होते, माझी मूठ धरून तू धान्य टाकत होतीस. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. मला नेहमी सांगायची ते." मग तिने डब्यावरून हात फिरवला. "एका वर्षी जास्त पाणी घालून माझी रागी मारली होती तिने, आठवतं? मी किती बोलले तिला..."

मी "हो" म्हणाले.

उषा ही पुरवणी दर रविवारी वाचते. तिने वाचावं म्हणूनच हे लिहिलं. पासष्टीच्या मुलीपुढे बसून तोंडाने सांगायचा धीर मला झाला नाही.

डबा मी माझ्याकडे आणला आहे. देवघराच्या खिडकीत ठेवला आहे, तिथे ऊन चांगलं येतं. रागी वीतभर वाढली आहे. रोज सकाळी मी तांब्या भरून घेते, नळाचं गार पाणी असतं, मला माहीत असतं. तरी घालायच्या आधी मी त्यात बोट बुडवून बघते.