अकरा वेळा हिरवा दिवा

जी मुलगी फारशी बोलत नाही, तिच्याजवळ किस्से आपोआप साठतात. लोकांना वाटतं, हिचं लक्ष नाही. माझं सगळीकडे लक्ष असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दादाच्या ऑफिसात जाऊन बसायचे. तिथले किस्से आता इतके झालेत की मैत्रिणींना सांगताना आधी कुठला आणि मग कुठला, याचा गोंधळ होतो. अडचण एवढीच, की त्यातल्या निम्म्या किश्शांत मान खाली घालायची पाळी माझ्यावरच येते.

ऑफिस म्हणजे अडाजण भागातल्या दोन खोल्या. मालक हिरेनभाई, चुका शोधणाऱ्या जिग्नाबेन आणि माझा दादा. साडीच्या दुकानदारांसाठी ते क्लाउडवर चालणारं ॲप बनवतात. दुकानात कुणी कुणासाठी साडी घेऊन पार्सल करायला सांगितली, की जिच्याकडे ती जाणार तिच्या फोनवर मेसेज जातो: अमक्याने तुमच्यासाठी साडी पाठवली आहे.

*

पूर्वी ॲपमध्ये बदल झाला की दादा सगळ्या फायली हातानं गोळा करायचा, त्यांचं पॅकेज बांधायचा आणि क्लाउडवर चढवायचा. एकदा घाईत तो फोटोंचा अख्खा फोल्डरच विसरला. एका शेठनी ॲप उघडलं तर एकाही साडीचा फोटो नाही! त्यांनी लगेच फोन लावला.

"हिरेनभाई, खोखुं मोकल्युं, पण साडी तो अंदर मूकी ज नथी!"

खोकं पाठवलं, पण आत साडी ठेवलीच नाही! त्याच दिवशी हिरेनभाईंनी जाहीर केलं, यापुढे बांधाबांध माणसानं करायची नाही. मग दादानं महिनाभर खपून कंटिन्युअस इंटिग्रेशन लावलं. म्हणजे कुणीही कोडमध्ये काही बदललं की मशीन स्वतः टेस्ट घेतं, पास झालं तर स्वतःच पॅकेज बांधतं आणि पाठवतं. नापास झालं तर तिथंच थांबतं.

*

निकाल सगळ्यांना दिसावा म्हणून हिरेनभाईंनी नवरात्रीच्या रोषणाईतले दोन दिवे आणून ऑफिसच्या दारावर लावले. पास झालं तर हिरवा, नापास झालं तर लाल.

पहिल्याच दिवशी लाल लागला तो दुपारपर्यंत विझेना. एक म्हातारे दुकानदार भेटायला आले होते. दिवा बघून त्यांनी चपला काढल्या आणि जिन्यावर गुपचूप बसून राहिले. तासाभरानं हिरेनभाई घाम पुसत बाहेर आले, तर ते हात जोडून उभे!

"केम छे हवे पेशंटने?" आता पेशंट कसा आहे, म्हणे!

*

एक किस्सा मी कुणालाच सांगत नाही. आज सांगते.

आम्ही घरी अहिराणी बोलतो. ऑफिसात ते कुणाला कळू नये असं मला उगाचच वाटायचं. एकदा आईचा फोन आला आणि माझ्या हातून चुकून स्पीकर चालू झाला.

"काय करी ऱ्हायनी व माय? जेवनी का?"

जिग्नाबेननी वर पाहिलं. मी घाईघाईनं म्हटलं, "हाँ मम्मी, खा लिया. आप टेन्शन मत लो."

मग आई बाजूला कुणाला तरी म्हणाली, "राँग नंबर लागना वाटतं," आणि तिनं फोन ठेवून दिला.

दादा हसला नाही. त्यानं माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. तो हसला असता तर बरं झालं असतं.

*

आता मुख्य गोष्ट. मशीनला टेस्ट घ्यायला खोटी गिऱ्हाइकं लागतात. जिग्नाबेन मला म्हणाल्या, "तू बैठी ही है, तो दस झूठे नाम बना दे. नंबर भी झूठे. किसने किसको साड़ी भेजी, सब लिख."

नावं सुचली. नंबरापाशी मी अडले. खोटा म्हणून लिहिलेला नंबर नेमका कुणाचा तरी खरा निघाला तर? उगीच परक्या माणसाला त्रास! त्यापेक्षा ओळखीचे बरे, म्हणून मी आमच्या नवागाम भागातल्या गल्लीतल्या दहा बायकांची नावं आणि नंबर लिहिले. टेस्ट म्हणजे खोटंखोटं, मेसेज कुठं जाणारच नाही, अशी माझी खात्री होती.

साडी पाठवणाऱ्यांची नावं लिहिताना मात्र मला मजा सुचली. ज्या बाईला जो माणूस जन्मात साडी पाठवणार नाही, त्याचंच नाव मी लिहिलं. कमलकाकूंना त्यांचे यजमान. शेजारच्या वत्सलामावशींना त्यांचा मुलगा प्रकाश. तो हजीऱ्याला कंपनीत आहे. शहर एकच, पण दिवाळीनंतर तो घरी फिरकला नव्हता.

दादाकडून एक गोष्ट राहून गेली होती. टेस्टमधले मेसेज अडवायचे असतात, ते त्यानं अडवले नव्हते.

शुक्रवारी तिघांनी मिळून अकरा बदल केले. अकरा वेळा हिरवा दिवा लागला! हिरेनभाईंनी सगळ्यांना घारी, ती तुपात घोळवलेली जाड मिठाई, खाऊ घातली. मी दोन खाल्ल्या.

*

संध्याकाळी घरी आलो तर गल्लीत गलका. कमलकाकू यजमानांसमोर फोन नाचवत होत्या.

"अकरा मेसेज शेत! साडी कथी शे?"

साडी कुठं आहे, हे काकांना कसं कळणार, पण 'मी नाही पाठवली' म्हणायची हिंमतही होईना. ते मुकाट्यानं सायकलवर बसले आणि तासाभरानं एक साडी घेऊन परतले. काकूंनी घडी मोडून पाहिली, खांद्यावर टाकून पाहिली आणि म्हणाल्या,

"बाकीन्या दहा?"

सगळी गल्ली हसत होती. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडून मेसेज बंद केले. मग दारोदार जाऊन माफी मागितली, 'चूक माझी' म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलंच नाही. सोमवारी हिरेनभाईंसमोरही घेतलं नाही. शेवटी मीच जिग्नाबेनना सांगितलं, तेही त्यांच्याकडे न बघता.

एक दार दादानं माझ्यासाठी सोडलं होतं. "वत्सलामावशीले तू सांग," तो म्हणाला. "प्रकाशनं नाव तू लिखेल शे."

*

मावशींना वाचता येत नाही. शुक्रवारी पहिला मेसेज किराणा द्यायला आलेल्या दुकानातल्या मुलानं वाचून दाखवला, तेव्हापासून त्या खुशीत होत्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा घराबाहेर पडत नाहीत, म्हणून गल्लीतला गोंधळ त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. रोज मी दूध आणायला त्यांच्या दारावरून जायचे आणि त्या हाक मारायच्या.

"पार्सलले कितला दिन लागतंस व?"

"लागतात, मावशी," मी म्हणायचे आणि पळायचे. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी मी घरूनच वाक्य पाठ करून गेले: मावशी, तो मेसेज खोटा होता, मी लिहिला होता. त्यांनी मला आत बसवलं. कपाटातला वरचा कप्पा त्यांनी रिकामा करून पुसून ठेवला होता.

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी प्रकाशले फोन लावा. साडी धाडी का रे, इचारं. तो जराखा गप बसना. मंग बोलना, हा माय, धाडी."

पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. आता खरं सांगितलं तर मी खोटी ठरणार होते आणि माझ्याबरोबर तोही. मी पाणी पिऊन परत आले. दादानं विचारलं, "सांगं का?" मी खोटंच मान हलवली.

*

रविवारी सकाळी मी नळावर कळशी भरत होते. गल्लीच्या तोंडाशी प्रकाशदादा उभा होता. खांद्याला बॅग, हात रिकामे. घराकडे दोन पावलं जायचा आणि परत फिरायचा. मला बघून जवळ आला.

"मायना फोनवर साडीना मेसेज उना व्हता. तू वाचा का?"

मी हो म्हटलं. कळशी भरून वाहत होती.

त्यानं मावशींच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"कोन्ता रंगनी साडी लिखेल व्हती?"

मेसेजमध्ये रंग नव्हताच.

"निळी," मी म्हटलं. "बारीक काठाची."