कोरसचा ट्रॅक

आधीच सांगून टाकतो मंडळी, आमचं घर असल्या गोष्टींचं नाही. देव्हारा नाही, नवस नाही, अमावास्या-पौर्णिमा नाही. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ करून घेतल्या. पुढे मी आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर झालो, म्हणजे कशावरही विश्वास न ठेवणं हीच नोकरी. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो...

बिबवेवाडीत आमचा फ्लॅट आहे. नोकरी सोडल्यावर आतल्या खोलीला फोम लावून मी छोटा स्टुडिओ केला. जयंतीची गाणी, शाळांची स्वागतगीतं, सगळं करतो. अर्ध्या बिबवेवाडीचा आवाज माझ्या हार्ड डिस्कवर आहे. नाही तो फक्त सुनंदाचा, माझ्या बायकोचा.

गायची छान. माझ्या वडिलांच्या गायन पार्टीत कोरसला बसायची. पार्टीची रीत अशी, की मुख्य गायक ध्रुपदाची ओळ अर्ध्यावर सोडतो आणि शेवटचे शब्द कोरस उचलतो. सुनंदा ते नेहमी किंचित आधी उचलायची. वडील वैतागायचे, "अगं सूनबाई, मला श्वास तरी घेऊ दे!" माइकसमोर मात्र ती कधीच आली नाही. मी घरी रेकॉर्डिंगला बसलो की ही गॅस बंद करणार, पंखा बंद करणार आणि किचनच्या दारात उभी राहून नुसते ओठ हलवणार.

"अहो, माझा आवाज नको त्यात. पुढच्या वेळी नक्की."

मागच्या वर्षी ती गेली. फोनमध्ये फोटो ढीगभर, पण आवाज एकदाही नाही. आता घर इतकं शांत असतं की त्या फोमची गरजच उरलेली नाही.

दिवाळीनंतर माझ्या म्युझिक सॉफ्टवेअरचा मोठा अपडेट आला. नवीन फीचर होतं — एकाच रेकॉर्डिंगमधून लीड, कोरस आणि वाद्यं वेगवेगळी काढून देणारं. एका दुपारी करून बघावं म्हणून त्याच सकाळी सुचलेलं ध्रुपद एकटाच गायलो. "पाटी पुसली, पहाट झाली..." एवढं म्हणून जुन्या सवयीने थांबलो. पुढचे शब्द डोक्यातच होते, कुठे लिहिलेसुद्धा नव्हते.

लीडचा ट्रॅक उघडला, मीच होतो. वाद्यांचा रिकामा. कोरसचाही रिकामाच यायला हवा होता.

"हाती आली वही."

माझ्या डोक्यातलेच शब्द. बाईचा आवाज. हलका, दारातून आल्यासारखा. आणि... किंचित आधी.

हेडफोन काढून मी किचनच्या दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. भीती नाही वाटली, खरं सांगतो. रडू आलं.

पण टेस्टर तो टेस्टरच. पंखा लावून गायलो, ट्रॅक रिकामा. मित्राला शेजारी बसवून गायलो, रिकामा. एकटा असलो, गॅस आणि पंखा बंद केला, ओळ अर्ध्यावर सोडली की मात्र ती येते. दर वेळी. फाइल कॉपी करून दुसरीकडे लावली तर काहीच ऐकू येत नाही.

मुलगी प्रज्ञा वाघोलीला असते, तीही आयटीत. रविवारी आली तेव्हा तिला ऐकवलं.

"पप्पा, एआय आहे ते. गाळलेलं भरून काढतं."

"शब्द कुठून आणले?"

"अंदाजाने."

"बरं. मग ठेक्याच्या आधी का येतं?"

तिने पुन्हा लावलं. मग पुन्हा. "मम्मीला घाईच असायची," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवते म्हणून किचनमध्ये गेली. चहा काही आला नाही.

गेल्या महिन्यात नवा अपडेट आला. काय काय बदललंय ते वाचायची माझी जुनी खोड. त्यात मध्येच एक ओळ — कोरसच्या ट्रॅकवर नसलेले आवाज ऐकू येण्याची त्रुटी दूर केली आहे.

म्हणजे आणखी कुणाकुणाला ऐकू येत होतं... आणि त्यांनी तक्रार केली!

प्रज्ञाला फोन केला. "बघा, बगच होता," ती म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली,

"पप्पा... अपडेट करू नका हं."

हल्ली लोक नव्या व्हर्जनच्या फाइली पाठवतात, त्या माझ्याकडे उघडत नाहीत. कामं दुसरीकडे जातात. जाऊ देत. कंपनीत असताना जन्मभर बग शोधून बंद करायला लावले, हा एक उघडा राहिला तर काय बिघडतं?

यामागे काय आहे, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा, फक्त मला ते वाचायची घाई नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की तो विचारतो, आता अपडेट करायचं का? मी 'नंतर' दाबतो. मग उठून गॅस बंद करतो, पंखा बंद करतो, माइकसमोर बसतो आणि ओळ अर्ध्यावर सोडतो.