अ‍ॅम्पला हात कुणी लावला

जबलपुरात जॅझ गिटार वाजवणारा माणूस संशयी नसेल तरच नवल. लोक टाळ्या वाजवतात त्या आपल्या वाजवण्याला की टेबलावर आलेल्या चिली पनीरला, हे कधीच कळत नाही. हॉटेलचा मॅनेजर हसून नमस्कार करतो, तेव्हा पुढच्या महिन्यात हा आपल्या जागी गझलवाला बसवणार असं मला हटकून वाटतं. बायको म्हणते, तुमचा आरशावरही विश्वास नाही. कसा असेल? त्यात उजव्याचं डावं दिसतं.

डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉटेलात आम्ही तिघं वाजवतो. गिटार माझी. बेस गिटारवर माझा जुना मित्र, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, रेल्वेत नोकरीला. त्याचं लग्न व्हायच्या आधीपासून आम्ही बरोबर वाजवतोय. ड्रमवर पुण्याहून बदली होऊन आलेला एक बँक अधिकारी. त्याला आमच्यात येऊन वर्षही झालेलं नव्हतं, म्हणजे माझ्या हिशेबात तो अजून पाहुणाच होता.

या शहरात मला जे काही नाव आहे ते बोटांच्या वेगासाठी नाही, आवाजासाठी आहे. पोकळ लाकडी गिटार, जाड गुळगुळीत तारा, गिटारचा आवाज मोठा करणारा लहानसा अ‍ॅम्प, आवाज बदलणारं एकही पेडल पायाशी नाही. तार अंगठ्याच्या मांसाने वाजवायची आणि ट्रेबल, म्हणजे आवाजातली धार, कमीच ठेवायची. चरचरणारी गिटार मला सहन होत नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो, की ऐकणाऱ्याला लाकूड ऐकू यायला हवं, लोखंड नाही. दुसरा माझा नियम असा की वाजवायला सुरुवात झाली की अ‍ॅम्पला हात लावायचा नाही. जे काय करायचं ते बोटांनी करायचं. मध्येच उठून बटणं पिळणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या आवाजाला काहीतरी झालं. गिटार घोंगडी पांघरून बसल्यासारखी वाजायला लागली. आधी मी तारांवर संशय घेतला, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून. नवीन तारा मागवल्या, फरक नाही. मग केबल बदलली. मग महाराजपुरातल्या आमच्या कॉलनीच्या व्होल्टेजला शिव्या दिल्या. घरी ट्रेबल वाढवून कसंबसं जमायचं. हॉटेलात मात्र वेगळीच गंमत होती. तिथे आधी साउंड चेक करायचा, मग मागच्या कँटीनमध्ये चहा, मग कार्यक्रम, अशी आमची पद्धत. साउंड चेकला मी आवाज लावायचो तो मनासारखा असायचा. चहा पिऊन येऊन पहिला सूर काढला की परत घोंगडी. आणि माझाच नियम मला आडवा यायचा. लोकांसमोर अ‍ॅम्पला हात कसा लावणार?

माणसांनी खोली भरली की आवाजाची धार कमी होते, हे मला माहीत होतं. म्हणून मी दर आठवड्याला साउंड चेकमध्ये ट्रेबल थोडं आणखी वर ठेवू लागलो. तरी तेच. शेवटी बायकोचं नेलपॉलिश घेऊन अ‍ॅम्पवरच्या ट्रेबलच्या बटणाशी बारीक ठिपका दिला. चहानंतर पाहिलं तर बटण ठिपक्यापासून चांगलंच खाली सरकलेलं. म्हणजे कुणीतरी माझ्या अ‍ॅम्पला हात लावत होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, याचा मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. गिटारची धार वाढली की ड्रमवाल्याची झांज तिच्यात बुडते. याने एकदा गोड आवाजात विचारलंही होतं, "सर, थोडं शार्प होतंय का?" शिवाय त्याचं मॅनेजरशी फार गूळपीठ. मला मंद करायचं, मग म्हातारा संपला म्हणायचं, मग पुण्याचा कुणी मित्र आणून बसवायचा, असा सगळा डाव मला लख्ख दिसत होता. मी त्याच्याशी बोलणं तोडलं. तो बिचारा माझ्यासाठी चहात साखर कमी सांगायचा, त्यातही मला काळंबेरं दिसायचं.

एका शनिवारी बेसवाला मित्र कामासाठी सिहोऱ्याला गेला होता. बस रखडली आणि तो थेट कार्यक्रमालाच पोचला. त्या दिवशी चहाच्या वेळी मी ड्रमवाल्याला नजरेआड होऊ दिलं नाही. हात धुवायला गेला तर मीही गेलो. आणि त्या संध्याकाळी गिटार काय वाजली म्हणून सांगू! कित्येक महिन्यांनी माझा आवाज मला परत मिळाला. पहिल्या टेबलावरचं कुटुंब मध्येच उठून मागे जाऊन बसलं. एसीचा झोत लागत असेल, असं मी धरून चाललो. चोर सापडला होता, फक्त पुरावा हवा होता.

पुढच्या शनिवारी चहाला जाताना मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो गिटारच्या उघड्या केसमध्ये अ‍ॅम्पकडे तोंड करून उभा केला. कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाल्यासमोरच दाखवायचं ठरवलं होतं, पण धीर निघेना. चहानंतर पडद्यामागे उभं राहून पाहिलं. आधी नुसती रिकामी खुर्ची. मग माझा मित्र आला. इकडेतिकडे पाहिलं, माझ्या अ‍ॅम्पपुढे उकिडवा बसला आणि झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं हळूच बटण फिरवलं.

मला त्याचा संशय कधीच आला नव्हता. त्याला तिथेच बोलावून मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिलं आणि नाकारलं नाही.

"दादा, तुम्हाला वरचे बारीक सूर ऐकू नाही येऊन राहिले," तो म्हणाला. "वर्ष झालं. तुम्ही ट्रेबल इतकं वाढवता की समोरचे लोक कानावर हात ठेवतात. त्या दिवशी मी लेट झालो, तर पहला टेबल उठून गेला ना?"

मी म्हटलं, मग सांगायचं होतं. चोरासारखं काहून करून राहिला होतास?

"सांगितलं असतं तर तुम्ही गिटार ठेवून दिली असती. मी ओळखतो न तुम्हाला." मग म्हणाला, "लोकांना तुमचाच आवाज ऐकवत होतो, दादा. दुसऱ्या कोणाचा नाही."

मी अ‍ॅम्पकडे पाहत राहिलो. आयुष्यभर ज्या आवाजाला मी नावं ठेवली, तो चरचरीत, लोखंडी आवाज वर्षभर माझ्याच हातून निघत होता, आणि मला तो गोड लागत होता. मला रडू आलं. लपवायला मी गिटार पुसत बसलो.

तेवढ्यात मॅनेजर बोलवायला आला. मी जाऊन बसलो. बटण मित्राने ठेवलं होतं तिथेच राहू दिलं. माझ्या कानाला गिटार शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखी येत होती. पण समोर कुणी कानावर हात ठेवला नाही, कुणी उठलं नाही. एक आजोबा डोळे मिटून मान हलवत होते. त्यांना माझा आवाज ऐकू येत होता, मला नाही.

आता ट्रेबल मित्रच लावतो. साउंड चेकला मी सूर काढतो आणि त्याच्याकडे पाहतो. तो म्हणतो, "बस, दादा, हाच." तो खरं बोलतोय की माझं मन राखतोय, हे मी त्याच्या चेहऱ्यावर दर शनिवारी शोधतो. अजून कळलेलं नाही, आणि कळायला माझ्याकडे आता दुसरे कान नाहीत.