एकच शाल

आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक मैफलीत परवा कुमुदताईंचा सत्कार होता. तीस वर्षं मंडळाची सगळी धुरा सांभाळून त्या आता कार्यवाहपद सोडणार होत्या. नगरपालिकेत खेटे घालून त्यांनीच या सभागृहाचं गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं. सत्काराचं आम्ही त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी शाल पुढे केली. ताईंनी ती सवयीनं हातात घेतली, उलगडली आणि शेजारच्या पाहुण्या गायिकेच्या खांद्यांवर अलगद पांघरली.

सभागृह हसलं. मीही हसले.

"अहो ताई, शाल तुमच्यासाठी होती!" अध्यक्ष म्हणाले.

"माझ्यासाठी?" ताई गोंधळल्या. "मी आपली यांना शोभेल असा रंग बघून आणली."

माझं हसू तिथंच विरलं. दरवर्षी शाल ताईच आणतात, त्यामुळे यंदा दुसरी आणावी हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. अशा माणसांना आपण माईक तपासला का, पाहुण्यांना चहा दिला का, असं सतत विचारत असतो. तुम्ही जेवलात का, असं मी ताईंना कधी विचारल्याचं आठवेना.

गायिका शाल काढू लागल्या. ताईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या हो, छान दिसतेय तुम्हाला."

मग टाळ्या चालू असतानाच त्या लगबगीनं विंगेत गेल्या. पडदा ओढायलाही आम्ही दुसरं कुणी नेमलं नव्हतं.